कावळे मारण्याचे परवाने

अरबाबच्या बैठकीत एक अस्वल उभं होतं. मागच्या दोन पायांवर, तोंड उघडं आणि पुढचा एक पंजा जरा वर, रिक्षाला हात दाखवल्यासारखा. अरबाब म्हणजे बाबांचे मालक. तिकडे आखातात मालकाला नावाने कोणी हाक मारत नसे. दर ईदला बाबा आईला आणि मला त्यांच्याकडे भेटीला नेत. चपला बाहेर काढून आम्ही गालिच्यावर बसायचो, समोर खजूर आणि वेलचीच्या वासाचा कडू गावा, म्हणजे अरबी कॉफी, यायचा, आणि तो पिण्याचं नाटक करत मी अस्वलाच्या काचेच्या डोळ्यांकडे बघत राहायचे. अरबाबचा नातू गाडीच्या किल्ल्या त्याच पंजाला अडकवी. दर वर्षी अरबाब कुठल्यातरी बर्फाच्या देशात अस्वलाच्या शिकारीला जात. मी सांगते आहे त्या वर्षी मात्र गुडघ्यामुळे त्यांचं जाणं राहिलं होतं आणि ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

"देखो हबीबी," ते बाबांना म्हणाले, "उधर सरकार भालू गिनता है. ज्यादा हो गया, तो शिकार का रुखसा देता है. मेरा रुखसा था, मैं गया नहीं. खलास! अभी मेरा वाला भालू गाँव में आयेगा, किसी का बकरी खायेगा, किसी आदमी को मारेगा. शिकार नहीं करना, तो रुखसा लेना नहीं." रुखसा म्हणजे परवाना. हा शब्द आमच्या घरात पोळीभाजीइतका रुळलेला होता, कारण परवाने काढणं हेच बाबांचं काम होतं. बाबांनी गंभीरपणे मान डोलावली. गाडीत बसल्यावर मात्र आई म्हणाली, "अस्वल जगलं बिचारं, तर यांना सुतक आल्यासारखं काय झालंय?" बाबा स्टीअरिंगवर हात आपटून हसले. मी मागून म्हणाले, "पुअर बेअर!" त्यावर आईने नेहमीप्रमाणे "मराठीत बोल" म्हणून मला दटावलं. घरी पोचेपर्यंत आम्ही तिघंही त्या न मारलेल्या अस्वलावर हसत होतो. आता चाळिशी ओलांडल्यावर त्या संध्याकाळची आठवण आली की मला त्या हसण्याचीच लाज वाटते.

आम्ही खोर फक्कानला राहायचो. दुबई-शारजात राहणारी मराठी मंडळी आम्हाला "डोंगरापलीकडचे" म्हणत आणि गणपतीला एकदा बोलावून वर्षभर विसरून जात. गाव बंदराचं. दिवसभर क्रेनचा खणखणाट ऐकू यायचा, मधूनच एखादं जहाज असा भोंगा द्यायचं की स्वयंपाकघरातली भांडी थरथरायची. आमची दुमजली इमारत, खाली दोन घरं, वर दोन. वरच्या दोनात एकीकडे आम्ही आणि समोर मेहबूबचाचा आणि खतीजाचाची. ती दोघं रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावची, आम्ही अलिबागचे. त्यामुळे आईला समुद्र ओलांडून कोकणातच आल्यासारखं वाटायचं. चाचींच्या घरी मासे तळले की आमच्या पडद्यांना वास यायचा आणि आईच्या फोडणीने चाचींना शिंका यायच्या. त्यावरून दोघी एकमेकींना चिडवत. मूल नसल्यामुळे चाची माझ्यावर जीव टाकत. गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत त्यांनी अळू लावलं होतं. त्या रखरखाटात ते कसं जगायचं कोण जाणे, पण चाची सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन वर जात आणि अळू हत्तीच्या कानाएवढं होई. अळुवड्या आई करायची, खायच्या दोन्ही घरांनी.

बाबा काम करत ती अरबाबची कंपनी लहानशी होती. झुरळं, डास, उंदीर यांचा बंदोबस्त करायचा, आणि हंगामात कावळ्यांचा. तिकडचे कावळे हे मूळचे आपलेच. आपल्याकडच्या जहाजांवर बसून आखातात उतरले आणि राहिले. बाबा म्हणत, "आपल्यासारखेच, फक्त व्हिसा न घेता आलेले." पण ते इतके वाढले की किनाऱ्यावरच्या तिवरांत घरटी करणाऱ्या पाखरांची अंडी राहीनात. तिथे एक निळा-पांढरा खंड्या होता, तो फारसा कुठे आढळत नाही म्हणत. त्याची पिल्लंच दिसेनाशी झाली. म्हणून उन्हाळा उतरला की कावळे मारायचे परवाने निघत. प्रत्येक नेमबाजाच्या नावाचा एक परवाना, ठरलेल्या मुदतीचा. तो दाखवल्याशिवाय छऱ्याची बंदूक ताब्यात मिळत नसे. परवाने आणायचे, सही करून माणसांना वाटायचे, मोहीम सुरू करायची, हे सगळं बाबांकडे होतं. नेमबाजांत पहिलं नाव मेहबूबचाचांचं. एरवी ते डासांची फवारणी करत, पण हंगाम आला की बंदूक खांद्याला लावून असे निघत की चाची म्हणत, "नवरदेव चालला."

अस्वलाच्या त्या ईदच्या आदल्या वर्षी आजोबा गेले. आमचे पासपोर्ट तेव्हा व्हिसाच्या नूतनीकरणासाठी दिलेले होते. बाबांनी खूप धावपळ केली, पण पासपोर्ट हातात पडेपर्यंत तिकडे दहावा होऊन गेला होता. काकांनी सगळं केलं. नंतर काका फोनवर बोलता बोलता सांगून गेले, "पिंडाला कावळा शिवेना रे दादा. आम्ही सगळ्यांनी हात जोडले, काय राहिलं असेल ते बोलून बघितलं. शेवटी दर्भाचा कावळा केला." काकांच्या मनात काही नव्हतं, पण बाबांनी फोन ठेवला आणि ते तसेच उभे राहिले. कावळा का शिवला नाही हे त्यांना सांगायची गरज नव्हती. थोरला मुलगा बापाला खांदा द्यायला आला नाही, एवढं एकच कारण त्यांना दिसत होतं. त्या दिवसापासून बाबांचं जेवण कमी झालं, आवाज कमी झाला. मला शाळेत सोडताना ते रेडिओसुद्धा लावेनासे झाले.

पुढच्या सर्वपित्री अमावास्येला आईने सगळा स्वयंपाक मांडला. तांदळाची खीर, वडे, लाल भोपळ्याची भाजी, गवार, आमसुलाची चटणी, आणि चाचींच्या अळूच्या वड्या. केळीच्या पानासाठी बाबा शारजाच्या बाजारात जाऊन आले. "पाच दिरहम! म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये, एका पानाचे!" असं म्हणत आईने ते पान इतकं जपून पुसलं की मला हसू आलं. बाबांनी गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. ऊन मी म्हणत होतं. आम्ही टाकीच्या सावलीत उभे राहिलो. बाबांनी हात जोडले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. थोड्याच वेळात अँटेनावरून एक कावळा उतरला, तिरका तिरका उड्या मारत आला आणि त्याने सरळ भातात चोच घातली. मागून दुसरा आला, मग आणखी दोन-तीन. आणि माझे बाबा, ज्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, ते टाकीला टेकून लहान मुलासारखे रडायला लागले. "आले," एवढंच म्हणत होते. "आले ग, जेवले." आईही रडली, मीही रडले. खाली चाचींच्या घरात कळलं तेव्हा त्यांनी खिरीची वाटी डोळ्यांना लावून घेतली.

काही दिवसांनी नव्या हंगामाचे परवाने आले. बाबांनी ते ऑफिसात ठेवले नाहीत, घरी आणले आणि जेवणघरातल्या ज्या खणात आम्ही मेणबत्त्या आणि सुतळी ठेवायचो, त्यात सरकवले. चोरून नव्हे, आमच्या देखतच. आई पोळ्या लाटत होती, ती थांबली.

"अहो, हे इथे कशाला?"

"राहू दे."

"माणसं खोळंबतील ना? आणि अरबाबला काय सांगणार?"

"कागद अडकलेत म्हणून सांगेन. कागद काय, अडकतातच इथे." मग ते खुर्चीवर बसले आणि आईकडे न बघता म्हणाले, "एक हंगाम. एकच हंगाम राहू दे त्यांना. वर्षानुवर्षं मीच सही करतोय त्यांच्यावर. आणि तेच आले जेवायला. आता मी कुठल्या तोंडाने सही करू?"

आई पुन्हा पोळ्या लाटू लागली. मी तर मनातून खूश झाले होते. मला वाटलं, माझे बाबा किती चांगले आहेत! अरबाबसारखे नाहीत. त्या वयात चांगुलपणा ओळखायला फार सोपा वाटतो. जो मारत नाही तो चांगला, बस.

मेहबूबचाचा फवारणीवरून परत येताना जिन्यात विचारायचे, "भाऊसाहेब, रुखसा आला काय?" बाबा म्हणायचे, "इन्शाल्ला, येईल या आठवड्यात." चाचा हसून म्हणायचे, "यल्ला, लवकर करा, बंदूक गंजतेय माझी." पुढे पुढे ते विचारायचेही थांबले. अरबाबच्या दुसऱ्या कामांची धांदल चालू होती, त्यांनी एकदोनदा फोनवर चौकशी केली आणि कागद अडकलेत हे उत्तर त्यांनाही पटलं. इकडे बाबांनी रोज सकाळी गच्चीवर कावळ्यांना पोळी टाकायला सुरुवात केली. त्यांचं जेवण सुधारलं, रेडिओ पुन्हा लागला. घरात कितीतरी दिवसांनी मोकळं वाटत होतं. त्यामुळे आईनेही तो खण उघडला नाही. थंडी सरली तसा कावळ्यांच्या एका जोडीने गच्चीवरच, पाण्याच्या टाकीमागे अँटेनाच्या खांबावर घरटं बांधलं. तिकडे काटक्या कुठून मिळणार? चाचींच्या दोरीवरचे कपड्यांचे तारेचे हँगर त्यांनी पळवले आणि त्यांचंच घरटं केलं. चाची ओरडायच्या, "वहिनी, तुमचे पाहुणे माझे हँगर घेऊन गेले हो!" पण त्यांनी घरटं काढू दिलं नाही. "भाऊसाहेबांचा जीव हाय त्यांच्यात. राहू दे," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून स्वतः ऐकलेलं आहे, आणि इतकी वर्षं ते माझ्या कानातून गेलेलं नाही.

पिल्लं झाली आणि कावळे बदलले. गच्चीत कोणी आलं की ते डोक्यावरून झेप घेऊ लागले. बाबांना काही करत नसत, कारण ते पोळी घेऊन जात. मी एकदा टपली खाल्ली आणि हसत खाली आले. मग एका सकाळी शाळेची बॅग भरत असताना मला आधी वरून कावळ्यांचा कलकलाट ऐकू आला, मग बादली जिन्यावरून गडगडत आली, आणि बादलीच्या मागे चाचींची किंकाळी. आम्ही धावलो. गच्चीचा जिना अरुंद होता, सिमेंटच्या उंच पायऱ्यांचा. चाची खालच्या वळणावर पडल्या होत्या. ओढणी सुटलेली, कपाळावर चोचीची खूण, आणि एक पाय असा वाकडा झालेला की मी तोंड फिरवलं. त्या अळूला पाणी घालायला गेल्या होत्या. कावळे तोंडावर आले, त्या डोळे झाकून मागे सरल्या आणि मागे जिना होता. पाणी सगळ्या पायऱ्यांवरून वाहत होतं. बाबा तिथे हातात पोळी घेऊन उभे होते. ते नुकते वर जायला निघाले होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात ऑपरेशन झालं, पण पाय आखूड राहिला तो राहिलाच. व्हरांड्यात मेहबूबचाचा आणि बाबा शेजारी शेजारी बसले होते, आई डबा उघडत होती, मी ग्लास धरून उभी होते. बाबा एकदम म्हणाले, "मेहबूब, ते रुखसे..."

चाचांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सोडा आता ते. कागद वेळेवर कधी आले हायत? तुम्ही काय करणार? मी बंदूक घेऊन गच्चीत बसलो असतो, तर हे झालं नसतं, ते खरं. पण तुमचा काय दोष त्यात?"

बाबांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतील. आईनेही डब्यावरचा हात थांबवला. पण तेवढ्यात चाचा तळहातांनी डोळे पुसायला लागले, आणि बाबांनी नुसताच त्यांच्या पाठीवर हात फिरवला. वेळ गेली ती गेली. खरं बोलायला कधीकधी एक श्वास पुरतो आणि तोच घेतला जात नाही. त्यानंतर बाबांनी चाचींसाठी काय नाही केलं! इस्पितळाच्या खेपा, औषधं, काठी, चाचांची रजा, सगळं. चाची आल्यागेल्याला सांगत, "भाऊ असता तरी एवढं केलं नसतं." ती स्तुती ऐकताना बाबांचा चेहरा कसा व्हायचा, ते मला आणि आईलाच माहीत. खणातल्या परवान्यांची मुदत एव्हाना उलटून गेली होती. एका दुपारी बाबांनी ते बाहेर काढले, टेबलावर पसरले आणि कितीतरी वेळ बघत बसले. त्यातला सगळ्यांत वरचा मेहबूबचाचांच्या नावाचा होता, फोटोत ते हसत होते. "अरबाबला कळलं होतं," बाबा म्हणाले, "एका अस्वलापायी. आणि आपण हसलो."

नव्या हंगामाचे परवाने बाबांनी उकाडा संपायच्या आतच मागून घेतले आणि पहिला परवाना स्वतः समोरच्या दारात जाऊन दिला. चाचा रोज पहाटे निघू लागले. महिनाभरात सकाळचा कलकलाट विरळ झाला. टाकीमागचं ते हँगरचं घरटं बाबांनी आपल्या हातांनी उतरवलं आणि एकेक तार सरळ करत बसले. आणि मग पुन्हा सर्वपित्री आली. आईने विचारलं, "करायचं ना?" बाबा म्हणाले, "कर." स्वयंपाक तोच झाला, पान तसंच आलं. अळूला आता चाचाच पाणी घालत, पण ते आम्ही मागितलं नव्हतं.

बाबा पान घेऊन निघाले तेव्हा जिन्यात मेहबूबचाचा भेटले. धुतलेला सदरा, हातात बंदूक नाही. "आज नाय गेलो," ते म्हणाले. "आणि बाकीच्या पोरांना पण सांगितलंय, आज कोणी बार काढायचा नाय. रुखसा ऱ्हाऊ दे एक दिस घरात. तुमच्या वडलांचा दिस हाय, भाऊसाहेब. पाखरं यायला नकोत काय?" बाबांनी मान खाली घातली.

गच्चीवर पान ठेवलं. बाबांनी हात जोडले, पण या वेळी ओठ हलत नव्हते. बराच वेळ आभाळ मोकळंच होतं. बंदरातून एक भोंगा झाला. मग कुठून तरी एक कावळा आला. कठड्याच्या टोकाला बसून त्याने मान वाकडी केली आणि उड्या मारत पानाजवळ सरकू लागला. त्याच वेळी जिन्यातून काठीचा आवाज आला. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी पायरी. खतीजाचाची येत होत्या. पडल्यापासून त्या पहिल्यांदाच गच्चीवर चढत होत्या. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात चाचांकडून तोडून आणवलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली अळूची पानं. "वहिनी, माझ्या अळूशिवाय कसं होणार हो?" त्या खालूनच म्हणत होत्या. दाराशी त्यांचं डोकं दिसलं, त्यांना कावळा दिसला, आणि चाचींनी पानांसकट हात झर्रकन डोळ्यांवर घेतला.

बाबांनी टाळी वाजवली. एकच, पण अशी की ती सगळ्या गच्चीत घुमली. "हाड! चल, हो!" ते ओरडले आणि पानाकडे धावले. कावळा उडाला, त्याच्या मागे येणारे दोन वळून बंदराकडे गेले. भाताला चोच लागली नव्हती. बाबांनी पान उचललं, चाचींच्या जवळ जाऊन त्यांचा हात डोळ्यांवरून खाली घेतला आणि म्हणाले, "गेले. या, सावकाश या. आता नाही येणार ते." आई माझ्याकडे बघत होती आणि मी आईकडे. आजोबा दुसऱ्यांदा उपाशी गेले, आणि या वेळी बाबांनी ते आपल्या हाताने केलं. ते पान आम्ही घरात नेलं. बाबांनी पुन्हा कधी कावळ्यासाठी पान मांडलं नाही, आणि परवान्यांविषयी चाचा-चाचींना कधी सांगितलंही नाही. पुढे ती दोघं रत्नागिरीला परतली, आम्ही पुण्याला आलो. दर ईदला बाबा त्यांना फोन करत. मी शेजारी बसलेली असले की फोन ठेवल्यावर ते म्हणत, "आज सांगणार होतो."

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. दहाव्याला नदीकाठी आम्ही सगळे उभे होतो. खतीजाचाचींचा सकाळीच फोन आला होता. "असा माणूस होणार नाय ग पोरी," असं म्हणत त्या रडल्या होत्या, आणि मीही त्यांना काही सांगितलं नव्हतं. पिंड ठेवले, आम्ही मागे वळतो न वळतो तोच एक कावळा सरळ खाली आला आणि त्याने भातात चोच घातली. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. काका भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "बघा, लगेच शिवला. दादाचं मागे काही राहिलं नव्हतं." सगळ्यांनी नमस्कारासाठी हात जोडले. माझे हात टाळी वाजवायला वर गेले होते, ते मी तसेच जोडले.